नगरचे एक हसते घर

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. शाळेतील शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या लहरीप्रमाणे, मध्येच सुरू होणाऱ्या आणि मध्येच बंद पडणाऱ्या धड्यांतून. ग्रंथ लिहावा असा त्यांचा संकल्पही नव्हता. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे, म्हणजे कविवर्य नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी टिपून द्याव्यात एवढीच अपेक्षा होती. पतीच्या चरित्रासाठी जमवलेल्या त्या सामग्रीतून पत्नीचे आत्मचरित्र उभे राहिले. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून त्या आठवणी क्रमशः येऊ लागल्या, आणि मराठीला तिच्या मोजक्या चिरंतन पुस्तकांपैकी एक लाभले.

या पुस्तकाच्या वाङ्मयीन गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या स्त्रीच्या आयुष्यात रडण्याची कारणे पावलोपावली होती, तिच्या पुस्तकात वाचक पानोपानी हसतो तो कसा? हे हसू उसने नाही, दुःखावर पांघरूण घालणारेही नाही. ते कोठून आले याचा शोध घेऊ लागलो की वाट आपल्याच जिल्ह्यात येऊन पोहोचते. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या नगरात आणि राहुरीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरची हाक मनू. या घरावर एक छाया होती. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण परिणाम झाला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून येणारा जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येईना. माणसांचा स्पर्श, वस्तूंचा स्पर्श, सावली, सगळ्याचीच भीती. लेकरांनी कोठे खेळावे, कोणाला शिवावे, यांवर पहारा. आजचे मानसशास्त्र या आजाराला काही नाव देईल. त्या काळी त्याला कर्मठपणा म्हणत, आणि कर्मठपणा हा सद्गुण मानला जात असल्याने त्यावर इलाजही नव्हता.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेखिका हे सारे सांगते ते वडिलांची तक्रार म्हणून नव्हे. त्या धुण्यापुसण्यात घरच्या बायकांची आणि मुलांची काय त्रेधा उडे, ते ती असे रंगवते की आपण हसू लागतो, आणि हसता हसता एका भेदरलेल्या माणसाची कीवही येते. ज्या घराने आपले बालपण आवळून टाकले त्या घराकडे वळून पाहताना मनात कडवटपणा उरू नये, हे सोपे नाही. मी पाप-निवेदन ऐकण्यासाठी तासन् तास बसलो आहे. साठी उलटलेली माणसेसुद्धा बापाच्या एका शब्दाने झालेली जखम उराशी धरून बसलेली मी पाहिली आहेत.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. सासरे संतापी होते. पती म्हणजे बुद्धीचा आणि लहरीचा संगम. टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज एका गावी नोकरी, उद्या दुसऱ्या, परवा तीही सोडलेली. हाती पैसा आला की तो वाटेत भेटणाऱ्या गरजवंताचा होई. रागावले तर घर दणाणून सोडतील आणि घटकेत लहान मुलासारखे हसतील. अशा माणसाशी संसार करणारी बाई एक तर मूक होते किंवा कर्कशा होते. लक्ष्मीबाई दोन्ही झाल्या नाहीत. त्या भांडल्या, रुसल्या, हरल्या, पुन्हा भांडल्या, आणि म्हातारपणी त्यांनी या भांडणांचा हिशेब लिहिला तेव्हा स्वतःच्या बाजूची चूक आधी लिहिली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एक परदेशी प्रवासी भेटला. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचनाने टिळकांच्या मनाचा जो ठाव घेतला त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली. ही कथा आपल्या परिचयाची आहे. टिळकांची भजने आपणही आपल्या मंदिरांतून गातो, पंथाची भिंत त्यांना कधीच अडवू शकली नाही. मात्र ही कथा आपण बहुधा टिळकांच्या बाजूने सांगतो. बाप्तिस्म्याची बातमी जिच्यावर वीज होऊन कोसळली, ती सत्ताविशीच्या आतली बाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीच्या, भिकूताईंच्या, आश्रयाला राहिली. नवरा हयात असून नसल्यासारखा. सौभाग्यवती म्हणावे तर लोक कुजबुजणार, विधवा म्हणावे तर कुंकू कपाळावर. त्या अवस्थेत लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागल्या. शब्दांना जोर होता तो कारागिरीचा नव्हता, दुसरे काही हाती उरले नव्हते त्याचा होता.

येथे थोडे विषयांतर करतो. त्याच सुमारास, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, फ्रान्समधील लिझ्यू गावच्या कार्मेल मठात एका चोवीस वर्षांच्या संन्यासिनीचे क्षयाने निधन झाले. बाळ येशूची संत तेरेजा हे तिचे नाव आपल्या घराघरांत आहे. आपल्या लहानपणाचा आनंदाने स्वीकार करणे, थोर होण्याची धडपड सोडून रोजची बारीकसारीक कामे प्रेमाने करणे, हा तिचा ‘लहान मार्ग’. तेरेजाने वरिष्ठांच्या आज्ञेवरून आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाईंनी मुलाच्या आग्रहावरून. दोघींनाही आपण ग्रंथ लिहीत आहोत असे वाटले नाही. मठातील शांत भिंती आणि पंढरपूरचा तो गजबजलेला वाडा यांत साम्य शोधणे कोणाला ओढूनताणून आणलेले वाटेल. पण मला धर्मगुरू म्हणून या दोघी नेहमी एकाच वेळी आठवतात. असो.

टिळक नगरला आले ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी. नगर तेव्हा नुसता लष्करी छावणीचा गाव नव्हता. या मिशनने १८३१ पासून तेथे ठाण मांडले होते. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरातच सुरू झाला. मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा नगरात होत्या, आणि जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा देणाऱ्या गोष्टींत त्या शाळांची गणना होते. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून नगर आणि राहुरी मोठ्या जगाला जोडली गेली होती. त्याच १८७८ साली फादर ओटो वाइसहाउप्ट या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरीजवळच्या केंदळ गावी आपल्या कॅथलिक मिशनचा पाया घातला. एकाच माळरानावर दोन मिशने, मध्ये काही कोसांचे अंतर आणि, सांगायला संकोच वाटतो, मनामनांत त्याहून बरेच जास्त अंतर. त्या काळचे धर्मगुरू आणि पाळक एकमेकांविषयी जे लिहीत ते आज वाचवत नाही.

पतीकडे राहावयास आल्यावर लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे बरोबर आणले होते. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, चूल निराळी. टिळकांनी हे सारे मान्य केले. धर्म बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. एका छपराखाली दोन चुली पेटत होत्या आणि त्यांच्या मध्ये छोटा दत्तू. या व्यवस्थेतील विसंगती लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांतून सुटली नाही, म्हणूनच ती पुस्तकात इतकी हसवून जाते. पण तेव्हा ती हसण्याजोगी नव्हती. बापाकडून आलेला तो स्पर्शाचा धाक रक्तात भिनलेला होता.

तो धाक गेला कसा? प्रवचन ऐकून नव्हे, वादात हरूनही नव्हे. राहुरीच्या काळात त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला की माणसामाणसांतील ही जात देवाने केली की माणसाने? मनातल्या मनात त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या, आणि ती माणसाचीच करणी आहे असा निवाडा झाल्यावर सोवळ्याचे ओझे उतरवून ठेवले. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांना अडचण राहिली नाही. बाप्तिस्मा झाला तो पुढे, १९०० साली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माणसांशी समेट झाला, नंतर पाण्याचा संस्कार. सेमिनरीत आम्हांला शिकवलेल्या क्रमात हे बसत नाही, पण ईश्वर आमची पाठ्यपुस्तके पाहून कृपा करीत नसावा.

धर्मांतरितांच्या आत्मकथनांची एक ठरलेली चाल असते. आधी अंधार, मग प्रकाश. आधीचा मी वाया गेलेला, नंतरचा मी खरा. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत अगस्तीनने लिहिलेली ‘कबुली’ या परंपरेच्या मुळाशी आहे. आपल्याकडे बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये निघाले, त्याच्या नावातच रात्र संपल्याची सूचना आहे. ही पुस्तके थोर आहेत यात शंका नाही. अगस्तीनच्या अश्रूंपुढे कोणाचीही मान लवते. पण ‘स्मृतिचित्रे’ त्या वाटेने जात नाही. या पुस्तकात पंढरपूरची लक्ष्मी ही चुकलेली बाई नाही. तिचे रडणे खरे, तिचा राग खरा, सोवळ्यासाठी जिवाचे पाणी करणारी तिची निष्ठाही खरी. ख्रिस्ती लक्ष्मीबाई तिला ओळख दाखवते, जवळ बसवते, तिची थट्टाही करते. थट्टा आपण आपल्या माणसाचीच करतो. जिला आपण घराबाहेर काढले तिची थट्टा होत नाही, तिची फक्त निंदा होते.

स्वतःचा स्वीकार म्हणतात तो याहून वेगळा काही असेल असे मला वाटत नाही. अलीकडे या शब्दाला फार भाव आला आहे. रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या दुकानांत त्यावरच्या पुस्तकांची चळत असते आणि त्यांतील पुष्कळ पुस्तके आरशासमोर उभे राहून स्वतःचे कौतुक करावयास सांगतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे कौतुक कोठेही केलेले नाही. आपला हट्टीपणा, आपला तापटपणा, आपली भीती, आपले अज्ञान यांची त्या यादीच देतात. पण त्या यादीची त्यांना लाज नाही. लाज गेली की दडवण्याची गरज जाते, आणि दडवण्यात खर्च होणारी शक्ती मोकळी होते. शेजाऱ्यावर किती प्रीती करावी याचे माप म्हणून ख्रिस्ताने स्वतःवरील प्रीतीच दिली आहे. आम्ही धर्मगुरू त्या आज्ञेच्या पहिल्या भागावर इतकी प्रवचने देतो की दुसरा भाग राहूनच जातो.

ही मोकळी झालेली शक्ती कोठे गेली, ते नगर-राहुरीच्या वर्षांत दिसते.

१८९९ मध्ये पाऊस रुसला. संवत १९५६ चा म्हणून ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, तो हाच. आज राहुरीच्या परिसरात उसाचे मळे आहेत, कृषी विद्यापीठ आहे. मुळा आणि प्रवरा या नद्यांवरील धरणांचे पाणी पाटांतून खेळते. भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले ते १९२६ साली. त्यापूर्वीचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने तो एकदा मोडला होता, १८९६-९७ ने पुन्हा मोडला, आणि सावरतो न सावरतो तोच छप्पनचा आला. जनावरे गेली, मग माणसे. आईबाप गेलेली मुले वाटेवर सापडू लागली. मिशनच्या आवारांत, मग ती प्रोटेस्टंट असोत वा कॅथलिक, अनाथ मुलांची रांग लागली.

टिळकांच्या घरात अशी मुले आली. आणणारे टिळक. जेऊ घालणारी, न्हाऊ घालणारी, त्यांची दुखणी काढणारी अर्थात लक्ष्मीबाई. महारामांगांची, नाना जातींची ती मुले. काही वर्षांपूर्वी ज्या बाईला दुसऱ्याच्या हातच्या पाण्याचा धाक होता, तिच्या मांडीवर आता ती झोपत होती. याविषयी लिहिताना लक्ष्मीबाई सेवा, त्याग हे शब्द वापरण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांना मुलांच्या खोड्या आठवतात, आपली झालेली फजिती आठवते, घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येणारे टिळक आठवतात. पुढे नगरात प्लेगने ठाण मांडले तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठीही त्या पुढे झाल्या. त्या काळी प्लेगच्या रोग्याजवळ जाणे म्हणजे काय, हे करोनाच्या दोन वर्षांनंतर आपल्याला समजावून सांगायला नको.

या घरात आणखी एक मूल आले. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तेथे धरणगावचा सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याची कविता ऐकून सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव, महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांनी त्याला जवळ केले आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला. ख्रिस्ती झालेल्या कवीच्या घरी हिंदू ब्राह्मणाचे हे पोर मुलाप्रमाणे वावरले. त्याने धर्म बदलला नाही. तो रुसे, हट्ट करी, लक्ष्मीबाईंशी भांडे आणि त्यांच्याच हातचे खाऊन पुन्हा कविता करू लागे. ‘औदुंबर’चा कवी म्हणून ज्याच्यावर प्रबंध लिहिले जातात, तो ‘स्मृतिचित्रे’त ठोमरे या नावाने घरभर हिंडताना भेटतो. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते.

मोठमोठ्या सभा, संस्था, चळवळी यांचा इतिहास लिहिला जातो. कोणाच्या घरी कोण जेवले, कोण हसले, याची नोंद सहसा होत नाही. नगरच्या त्या घरात महाराचे पोर आणि ब्राह्मणाचा कवी एकाच बाईच्या हातचे जेवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही गोष्ट एखाद्या परिषदेच्या ठरावाहून लहान होती असे मी मानत नाही.

पुढचा भाग लवकर सांगतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखभाल केली, मुलाबरोबर कराचीपर्यंत बिऱ्हाड नेले, १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि कवीने जेवढे लिहिले होते त्याच्या कितीतरी पट अधिक अध्याय या न शिकलेल्या बाईने लिहिले. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर ख्रिस्तचरित्रावर ओवीची एवढी मोठी रास मराठीत दुसऱ्या कोणी घातली, ते मला आठवत नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग अपुराच राहिला.

इथवर वाचून आमच्याच धर्मग्रामातील एखादा तरुण मला अडवील, आणि त्याने अडवावे. तो म्हणेल, फादर, लक्ष्मीबाईंना टाकायला सोवळे तरी होते. आमच्या आजा-पणज्यांना टाकायला काय होते? ब्राह्मण बाई ख्रिस्ती झाली तर तिची कथा होते, महार किंवा मांग ख्रिस्ती झाला तर त्याची संख्या होते. आपल्या भूतकाळाकडे पाहून हसणे तिला परवडले, कारण तिच्या भूतकाळाला प्रतिष्ठा होती. ज्याच्या भूतकाळात गावकुसाबाहेरचा अपमानच आहे त्याने हसायचे कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे. ‘स्मृतिचित्रे’ कितीही निर्मळ असले तरी ते एका बाजूने पाहिलेले चित्र आहे. त्या घरात आलेल्या अनाथ मुलांपैकी कोणी म्हातारपणी आठवणी लिहिल्या असत्या तर राहुरी आपल्याला आणखी वेगळी दिसली असती. ते पुस्तक आपल्याकडे नाही, ही उणीव मी मान्य करतो. मात्र त्याचे उत्तर म्हणून मला स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल.

माझी पणजी छप्पनच्या दुष्काळातली. सहा-सात वर्षांची असताना कोणीतरी तिला मिशनच्या आवारात आणून सोडले. आईबापांची नावे तिला ठाऊक नव्हती, गावाचे नाव तिने सांगितले ते खरे की चुकीचे हे कोणाला कळले नाही. ती तेथेच वाढली, तेथेच तिचे लग्न झाले. मी अगदी लहान असताना ती गेली. मला आठवते ते एवढेच की जेवायला बसताना ती दार लावू देत नसे, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून शेजारी ठेवीत असे, कोणी आले तर असावा म्हणून. कोणी आले नाही तर तो मला मिळे.

सेमिनरीत माझ्याबरोबर वेगवेगळ्या प्रांतांतील मुले होती. कोणाचे घराणे पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती, कोणाचे त्याहूनही जुने, प्रेषित संत थोमाचे नाव सांगणारे. एकदा जेवणाच्या वेळी कोणीतरी मला विचारले, तुमचे घराणे ख्रिस्ती केव्हा झाले? मी म्हणालो, फार पूर्वी. आमच्या लोकांना पोटासाठी धर्म सोडलेले म्हणतात हे मला ठाऊक होते. भाकरीसाठी आलेल्या पोरीचा मी पणतू, हे सांगण्याची मला लाज वाटली. ते उत्तर कित्येक वर्षे माझ्या घशात काट्यासारखे होते. देवशास्त्राच्या परीक्षा दिल्या, गुरुदीक्षा झाली, वेदीवर उभा राहून रोज भाकर हाती घेऊ लागलो, तरी ते तसेच होते.

‘स्मृतिचित्रे’ मी शाळेच्या क्रमिक पुस्तकातील उताऱ्यापलीकडे वाचलेले नव्हते. पस्तिशीत, एका आजारपणात, अशोक देवदत्त टिळकांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती हाती आली. सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेला बाप, फाशी गेलेले आजोबा, संतापी सासरा, एकाही माणसाला त्या बाईने दाराबाहेर ठेवले नव्हते. मला पणजीचे ते उघडे दार आठवले. तिने तरी आपली कथा कधी लपवली होती? तिला कोणी विचारले की ती सरळ सांगत असे, भूक लागली होती म्हणून आले. लपवणारा मी होतो. तिच्या पुढच्या तिसऱ्या पिढीतला, पोट भरलेला.

काही वर्षांपूर्वी राहुरी भागातल्या एका लहान गावी संध्याकाळच्या मिस्सासाठी गेलो होतो. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासे यांची कथा होती. प्रवचन तयार केले होते ते बाजूला ठेवून मी पणजीची गोष्ट सांगितली. सेमिनरीतले माझे उत्तरही सांगितले. पत्र्याच्या त्या छोट्या मंदिरात क्षणभर कोणी हालले नाही. वाटले, चुकलो. मग पुढच्या सतरंजीवर बसलेली एक म्हातारी, डोईवरचा पदर सारखा करीत, मोठ्याने म्हणाली, “मंग त्यात काय व्हतं फादर? भुकेलं लेकरू भाकरीला नाय यायचं तर काय पंचांग बघाया यील?”

सारे मंदिर हसले, मीही हसलो. मिस्सा संपल्यावर कोणी उठेना. एकेकजण आपापल्या आजीची, पणजीची, कोणत्या दुष्काळात कोण कोठून आले त्याची गोष्ट सांगू लागला. मध्येच चहा आला. मला दुसऱ्या गावी पोहोचायचे होते, उशीर झाला. निघताना त्या म्हातारीने फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा जीपच्या सीटवर ठेवला आणि बजावले की वाटेत कोणी भेटले तर त्यालाही द्या.

वाटेत कोणी भेटले नाही. ती मीच खाल्ली.